नळाला फुटलेले दात

मार्तंडराव परतूरकर रागीट आहेत असं कुणी म्हटलं की त्यांना भयंकर राग येतो. "मी रागीट नाही, मी नियमाचा माणूस आहे!" हे वाक्य ते इतक्या मोठ्यानं म्हणतात की समोरचा आपलं मत आणखी पक्कं करून घरी जातो. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात त्यांची उभी हयात चालली आहे. शेवटच्या बाकावर झोपलेल्या पोराच्या कानात न्यूटन शिरावा एवढा आवाज लावायची सवय. ती घरी आल्यावर थोडीच सुटते?

आणि खरं सांगायचं तर, ते ज्या प्राजक्त कॉलनीत राहतात तिथं राहून राग आला नाही तर माणसानं डॉक्टरला दाखवावं. जालन्यात मस्तगडहून रिक्षावाला "तिकडं? रिकामं यावं लागतं, सर" म्हणतो, एवढ्या लांब ही कॉलनी. प्राजक्त औषधालासुद्धा नाही. पाण्याला कॉलनीची स्वतःची विहीर आहे, विहिरीवर पंप आहे, आणि पंपाची वीज घरांपेक्षा वेगळ्या लाइनवर, तिच्या मर्जीनं येते. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी लोक जेवायला बसले असताना. वीज आली की विहिरीवरचा माणूस पंप लावतो, व्हॉल्व्ह फिरवतो, आणि नळाला पाणी येतं. तीन-चार दिवसांत एकदा, तासभर. पण केव्हा, हे ब्रह्मदेवालाही माहीत नसतं.

कॉलनीच्या फाटकाशी एक पाटी आहे. 'नळाच्या लाइनला कुणीही मोटर लावू नये.' हा नियम मार्तंडरावांनी लिहिला. त्यातला 'कुणीही' हा शब्द त्यांनी समितीशी भांडून घालून घेतला. पाटी लागली त्याच आठवड्यात कॉलनीत घरोघरी मोटरी बसल्या. नियम झालाय म्हणजे शेजाऱ्यानं नक्की लावली असणार, असा प्रत्येकानं सरळ विचार केला. कुणाची चपलांच्या कपाटात, कुणाची जिन्याखाली. सत्यशीला मॅडमची तर तुळशीवृंदावनाच्या पोटात आहे. तुळशीला दिवा लावायला गेलं की पायाला झिणझिण्या येतात. पण 'मोटर' हा शब्द कॉलनीत कुणी उच्चारत नाही. पाणी आलं की सगळी गल्ली घुरघुरते आणि विचारलं तर जो तो म्हणतो, "आमचा फ्रिज जुना झालाय."

मोटर नसलेलं घर एकच, परतूरकरांचं. तरी त्यांचा मागच्या अंगणातला हौद नेहमी भरलेला. पाहुणे आले की चहाच्या आधी मार्तंडराव त्यांना हौदाकडे नेत, झाकण उचलत आणि म्हणत, "बघा. मोटर नाही, काही नाही. आपलं घर उताराला सगळ्यात खाली. गुरुत्वाकर्षण प्रामाणिक माणसाच्या बाजूनं असतं." पाहुणे मान डोलवत. सरोजिनीबाई त्या वेळी नेमक्या चहा बघायला आत गेलेल्या असत.

ही कथा सुरू होते ती सरोजिनीबाई भाचीच्या लग्नाला जाफराबादला गेल्या त्या दिवसापासून. मे महिना. मार्तंडराव घरी एकटे. दुपारी गल्ली घुरघुरायला लागली. ते बनियनवर बाहेर आले, नळ सोडला. नळानं फुस्स केलं. आणखी सोडला. नळ चिडलेल्या मांजरासारखा फिसकारला आणि गप्प झाला. तासाभरात शेजारच्या काकासाहेबांची टाकी भरून वाहायला लागली, ओघळ रस्त्यावरून येऊन मार्तंडरावांच्या पायाशी थांबला. हौदाच्या तळाला मुठीएवढा ओलावा होता, त्यात एक बेडूक.

"काकासाहेब!" मार्तंडराव कुंपणावरून गरजले. "तुमचं पाणी वाहतंय!"

काकासाहेब मूळचे टेंभुर्णीचे. तिकडं मोठी शेती, इकडं पोरांच्या शिक्षणासाठी बांधलेलं घर, आणि मोकळा वेळ मुबलक, म्हणून कॉलनीचे अध्यक्ष. ते शांतपणे बाहेर आले.

"व्हय का? फ्रिजचं आसंल," ते म्हणाले.

"फ्रिजचं? रस्ताभर?"

"सर, तुमी उगा तापून राह्यले. मी काय म्हणतो, नियम आसा करावा का मानसाला पाळता यावा. येत्या मीटिंगला आपुन तो मोटरीचा नियम काढूनच टाकू. फाटकावरची पाटी बी उतरवू. मंग कोनाला फ्रिजचं नाव घ्यायचं काम न्हाई."

मार्तंडरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पाटीशिवाय आयुष्यात त्यांनी लिहिलेलं काहीही छापलं गेलं नव्हतं. "बिलकूल काढू देणार नाही! एकही मोटर नसताना घर चालतं, हे मी मीटिंगमध्ये सिद्ध करून दाखवीन."

"दाखवा की," काकासाहेब म्हणाले. "पन आज अंघुळीला पानी लागलं तर सांगा. बादलीभर देतो."

ही बादली मार्तंडरावांना फार लागली. रात्रभर त्यांनी विचार केला आणि त्यांना निदान सापडलं. हौद रिकामा राहिला तो मोटर नव्हती म्हणून नव्हे, पाणी आलेलं उशिरा कळलं म्हणून. पाइपात पाण्याचा पहिला थेंब शिरताच कळलं, तर चोरांच्या मोटरी लागायच्या आत नियमानं पाणी भरता येईल. म्हणजे हवा एक सेन्सर. शास्त्रज्ञ माणूस चुकतो तेव्हा असाच व्यवस्थित, टप्प्याटप्प्यानं चुकतो.

मस्तगडला राधेश्यामचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. तिथून सामान आलं. घराच्या फाटकाजवळच्या खड्ड्यात, नळाच्या पाइपावर सेन्सर बसला. पाण्याचा दाब किंचित वाढला की त्यातून व्होल्टाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा इशारा निघायचा, तो लांब वायरीतून घराला वळसा घालून दिवाणखान्यात यायचा, छोट्या पडद्यावरची रेघ उचलली जायची आणि बझर वाजायचा. मार्तंडरावांनी बटण दाबलं. बझर वाजला. ते बादली घेऊन धावले. नळ कोरडा. परत आले. बझर वाजला. धावले. कोरडा. संध्याकाळपर्यंत त्यांच्या इतक्या फेऱ्या झाल्या की गल्लीतली माणसं खुर्च्या टाकून बसली.

"सर, आलं का?" जो तो विचारायचा. त्या प्रश्नात चौकशी नव्हती, शुद्ध हलकटपणा होता.

दोष सेन्सरचा नव्हता, मोटरींचा होता. उन्हाळ्यात जालन्यात घर तिथं कूलर, आणि कूलर म्हटला की मोटर. शेजारी पुष्पाबाई, म्हणजे काकासाहेबांच्या मंडळी, घरगुती गिरणीवर ज्वारी दळत, ती मोटर. मोटर फिरली की तिचे विजेचे हेलकावे आसपासच्या वायरीत घुसतात. सेन्सरचा इशारा म्हणजे कुजबुज. कुजबुज ऐकायला कान लावावा आणि शेजारून वरात जावी, अशी गत. शास्त्रात याला गोंगाट म्हणतात. मार्तंडराव हा धडा दरवर्षी शिकवत आणि दरवर्षी त्याखाली फळ्यावर दोन रेघा ओढत: गोंगाट जिथं जन्मतो तिथंच त्याला धरावा. पण जन्मस्थानं पडली दुसऱ्यांच्या घरात. पुष्पाबाईंच्या गिरणीला कोण हात लावणार?

सल्ले मात्र फुकट आले. काकासाहेब कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "आमच्या शेतात मोटर चालू झाली का आमच्या आबांचा रेडिओ घरघर करायचा. लई मेकॅनिक झाले. शेवटी आबांनी रेडिओ इकला. मंग एकदम शांत. तुमी बी ते यंत्र इकून टाका." सत्यशीला मॅडम, ज्या मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, त्यांनी यंत्राचं तोंड पूर्वेला करायला सांगितलं. मार्तंडरावांनी दोघांकडेही जळजळीत नजरेनं पाहिलं आणि राधेश्यामकडे गेले.

"सर, साधी वायर लावली का? मंग तर येनारच ना गोंगाट," राधेश्याम म्हणाला. "ही जाळीवाली घ्या. वरून जाळी, आत वायरी पिळलेल्या. बिलकुल गॅरंटी."

जाळीची वायर आली. गोंगाट निम्मा झाला, बझर मात्र तेवढाच वाजत राहिला. "वायर तो बराबर है सर," राधेश्याम म्हणाला. "तुमचं अर्थिंग कमजोर है. जाळी पकडती सगळा कचरा, पन तो टाकायचा कुठं? जमीन पाहिजे ना."

अर्थिंगसाठी घरापुढं खड्डा खणायचा, त्यात मीठ-कोळसा भरायचा. कॉलनीच्या जागेत खड्डा म्हणजे समितीची परवानगी. मार्तंडरावांनी अर्ज दिला. अध्यक्ष काकासाहेबांचं उत्तर आलं की शेजाऱ्याचं नाहरकत जोडावं. शेजारी काकासाहेबच. मार्तंडराव कुंपणाशी गेले.

"देतो की," काकासाहेब म्हणाले. "पन अध्यक्षाकडून मला शेजारी म्हनून रीतसर पत्र आलं पाह्यजे. त्याबिगर मी कसं देऊ?"

"अध्यक्ष तुम्हीच आहात!"

"म्हनून तर. घरचंच काम म्हनून चालढकल केली आसं कोनी म्हनू ने."

मग अध्यक्षांनी शेजाऱ्याला पत्र लिहिलं. शेजारी चार दिवस टेंभुर्णीला गेले होते, म्हणून ते बंद दारावरून परत आलं. परत आल्यावर शेजाऱ्यानं अध्यक्षाकडे, खड्ड्यात कुणाची शेळी पडल्यास जबाबदार कोण, अशी विचारणा केली. कॉलनीत शेळी नव्हती. मार्तंडरावांनी एका सकाळी, सगळ्यांच्या देखत, टिकाव घेऊन स्वतः खड्डा खणला आणि प्रत्येक घावाला समितीच्या एकेका सदस्याचं नाव घेतलं.

पुढं कळलं की अर्थिंग चांगलं राहायचं तर त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतावं लागतं.

"पाणी आलेलं कळावं म्हणून पाणी ओतायचं?" सरोजिनीबाई म्हणाल्या. त्या जाफराबादहून परत आल्या होत्या आणि त्यानंतरच्या पाण्याला हौद पुन्हा काठोकाठ भरला होता. मार्तंडराव तेव्हा कॉलेजात परीक्षेच्या कामाला गेले होते. "गुरुत्वाकर्षण," ते समाधानानं म्हणाले, "तात्पुरतं बिघडलं होतं."

"अहो, हौद भरतोय ना? मंग ते यंत्र काढून टाका की," सरोजिनीबाईंनी पुन्हा सुचवून पाहिलं.

"प्रश्न हौदाचा नाही! प्रश्न तत्त्वाचा आहे!"

"तत्त्वाला माझा डबा कशाला लागतो?"

कारण त्याच दिवशी मार्तंडरावांनी त्यांचा माहेरचा स्टीलचा पोळ्यांचा डबा घेऊन त्याला ड्रिलनं भोकं पाडली होती. यंत्र धातूच्या डब्यात बंद केलं की गोंगाट आत शिरत नाही, हे खरं आहे. डब्यावर ठळक अक्षरांत कोरलेलं होतं: 'सौ. सरोजिनी मा. परतूरकर'. पडदा बसवायला त्यांनी नेमकी त्या नावाच्या वरची जागा निवडली. सरोजिनीबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पोळ्या उघड्या राहिल्या, कडक झाल्या, आणि मार्तंडरावांनी त्या रागानंच चावून खाल्ल्या.

पण यंत्र सुधारलं. अॅडाप्टर काढून बॅटरी लावली, वायर विजेच्या पट्टीपासून हातभर दूर नेली, कूलर आणि गिरणीचा गोंगाट पार बसला. रेघ सुतासारखी सरळ झाली. उरला एकच शत्रू, आणि तो घरातला. जेव्हा पाणी यायचं, नेमकं त्याच वेळी सरोजिनीबाईंना दाण्याचं कूट करायचं असे.

"सरोजिनी! बंद कर तो मिक्सर! मिक्सरच्या मोटरीएवढी नालायक मोटर जगात नाही. आत ठिणग्या उडतात तिच्या!"

"दोन मिनिटं. एवढं कूट होऊ द्या."

"किती कूट लागतं माणसाला?"

प्रश्न योग्य होता. घरात कुटाचे डबे भरले होते, बरण्या भरल्या होत्या. भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट. तुळजाबाई, म्हणजे विहिरीवरच्या माणसाची बायको, परतूरकरांकडे भांडी घासायची. तीसुद्धा जाताना कुटाची पुडी घेऊन जायची. मार्तंडराव पदार्थविज्ञानाचे असल्यामुळे त्यांनी या गोष्टीचा विचार केला नाही.

त्यांचं लक्ष पडद्यावर होतं. मिक्सरचा गोंगाट केसाळ दिसे, दाट, बारीक. पण केसांच्या मधून दुसरंच काहीतरी वर यायचं. टोकदार दात. एक बुटका, एक रुंद, दोन जोडीचे. ते फक्त पाण्याच्या दिवशी फुटायचे आणि पाणी गेलं की मावळायचे. तिसऱ्या पाण्याला मार्तंडराव खुर्चीतून ताडकन उठले.

"मोटरी! सरोजिनी, या चोरांच्या मोटरी आहेत! पाइपाला जोडल्यात, म्हणून पाइपातूनच येतात! एकेक दात म्हणजे एकेक घर!"

आतला मिक्सर एकदम थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

म्हणजे ज्या गोंगाटाला मारायला त्यांनी महिना घालवला, तोच पुरावा होता. आणि सगळ्यात उंच दात, जो सगळ्यांच्या आधी फुटायचा आणि पडद्याच्या छताला लागायचा, तो अर्थात जवळच्या घराचा. उघड होतं. काकासाहेब! मार्तंडरावांना इतका आनंद झाला की त्यांचा राग दुप्पट झाला.

ही बातमी कॉलनीत पसरली आणि चमत्कार झाला. महिनाभर "आलं का" म्हणून दात काढणारे लोक अचानक यंत्राच्या तब्येतीची काळजी करू लागले. सत्यशीला मॅडमनी आपल्या भाच्याकडून लोखंडी नळी आणून दिली, "वायर हिच्यात घाला, गोंगाट बिलकूल यायचा नाही." काकासाहेब तर स्वतः मोटरीचा गोंगाट गिळणारा कपॅसिटर घेऊन आले, चांगला मोठा, नवा.

"सर, हे लावा. आपल्या मानसाच्या यंत्रात गोंगाट आसनं बरं न्हाई."

"आता राहू द्या गोंगाट," मार्तंडराव दात ओठ खात म्हणाले. पण कपॅसिटर ठेवून घेतला.

मीटिंगचा रविवार उजाडला. परतूरकरांच्या घरासमोरच गणपतीचं पत्र्याचं शेड आहे, तिथं सतरंज्या पडल्या. मार्तंडरावांनी वायर रस्त्यापलीकडे ओढून आणली आणि डबा टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. सरोजिनीबाई आल्या नाहीत. "मला कूट करायचंय," त्या म्हणाल्या. आत जाता जाता त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, पण मार्तंडराव तेव्हा आरशासमोर भाषणाचा सराव करत होते आणि भाषणात त्यांना कुणी मध्ये बोललेलं चालत नाही.

काकासाहेबांनी नियम काढायचा ठराव मांडला. तेवढ्यात शेडचे, पंपाच्याच लाइनवरचे, पंखे गरगरले. वीज आली होती. थोड्याच वेळात डब्याच्या पडद्यावर उंच दात उभा राहिला. मग त्याच्यामागे बुटका, मग रुंद, मग जोडीचे. बझर किंचाळला.

"बघा!" मार्तंडराव त्याहून मोठ्यानं किंचाळले. "हे तुमचे फ्रिज! आणि हा सगळ्यात उंच, सगळ्यात निर्लज्ज, सगळ्यात आधी फुटलेला दात कोणाचा आहे? काकासाहेब, तुमचा!"

काकासाहेबांचा चेहरा पहिल्यांदाच लाल झाला. त्यांनी फोन काढला. "पुष्पे, मेन स्विच पाड. जल्दी. मेन म्हनलं ना मी, समदं घर बंद कर."

पडद्यावरचा रुंद दात गळून पडला. उंच तसाच उभा.

"सर, आता बोला!" काकासाहेब म्हणाले. "माझं समदं बंद हाये, तरी बी त्यो उभा. आरोप केलाय तुमी माझ्यावर, भर मीटिंगीत. आता सोडनार न्हाई. समद्यांनी आपापल्या घरी मेन पाडायला सांगा. कोन चोर हाये ते बघूच!"

फोन निघाले. ज्याचा निघेना त्याच्याकडं बाकीचे बघू लागले, मग त्याचाही निघाला. घरोघरी मेन पडले. एकेक दात गळाला आणि एकेक सद्गृहस्थ सतरंजीची नक्षी बघू लागला. सत्यशीला मॅडमचा बुटका दात सर्वांत शेवटी गेला. खरं तर मार्तंडराव जिंकले होते. घराघरातला पुरावा घराघरातल्या लोकांनी आपल्या हातानं दिला होता. पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. सरळ रेघेच्या मधोमध, एकटाच, पडद्याच्या छताला टेकलेला उंच दात उभा होता. त्याच्या आजूबाजूला केस होते.

सगळ्या कॉलनीचे कूलर बंद पडल्यामुळे अशी शांतता झाली होती की कधी झाली नसेल. त्या शांततेत रस्त्यापलीकडून एका मिक्सरचा आवाज येत होता. मग मिक्सर थांबला. पडद्यावरचे केस गेले. दात राहिला. आणि मिक्सर थांबल्यावरही परतूरकरांच्या स्वयंपाकघरातून घुर्रर्र असा एक दबका, समाधानी आवाज येतच राहिला.

हौद रिकामा राहिला तो एकच दिवस. त्या दिवशी सरोजिनी जाफराबादला होती. गोंगाट जितका जवळचा तितका दात उंच; हे त्यांनी किती पोरांच्या डोक्यात कोंबलं होतं! मार्तंडरावांना राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना, आणि असं त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

काकासाहेब पडद्याकडे बघत होते. मग त्यांची नजर हळूहळू खाली उतरली. पडद्याखाली ठळक अक्षरांत कोरलं होतं: 'सौ. सरोजिनी मा. परतूरकर'.

"सर," काकासाहेब फार मऊ आवाजात म्हणाले, "ह्यो कोनाचा म्हनायचा?"

सगळी सभा मार्तंडरावांकडे पाहत होती. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. घुर्रर्र तर येतच होतं.

"सांगता येत नाही," मार्तंडराव म्हणाले. आवाज इतका लहान होता की मागच्या सतरंजीपर्यंत गेला नाही. "गोंगाट फार आहे."

मग काकासाहेबांनी मान डोलावली. "बराबर हाये. लई गोंगाट हाये."

"फारच गोंगाट," सत्यशीला मॅडम म्हणाल्या.

"ऐकूच येऊन न्हाई राह्यलं काही," मागून कुणीतरी म्हणालं.

कॉलनीत कुणाकडेही मोटर नाही, सबब नियम काढायची गरज नाही, पाटी कायम ठेवावी, असा ठराव एकमतानं पास झाला. मग सगळे घाईघाईनं घरी पळाले. पाणी चालू होतं.

मार्तंडराव डबा वायरीसकट काखेत मारून स्वयंपाकघराच्या दारात आले. ओट्याखालचा पडदा वर सारलेला होता. सिलिंडरच्या मागं, टायरच्या तुकड्यावर, एक टिल्लू मोटर बसली होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिला जाड गोधडी शिवलेली होती. गोधडी त्यांच्या पॅन्टच्या कापडाची होती. ही पॅन्ट ते कधीपासून शोधत होते. शेजारी पाटावर सरोजिनीबाई, मांडीवर कुटाचं भांडं.

"माझ्या घरात!" आता मात्र आवाज परत आला होता. "ज्यानं नियम लिहिला त्याच्या घरात! भर सभेत मला खोटं बोलावं लागलं! आयुष्यात पहिल्यांदा! कधीपासून आहे ही? आणि पाणी सोडलेलं तुला सगळ्यांच्या आधी कळतं कसं?"

"तुळजाबाई फोन करती," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्यांनी भांडं खाली आपटलं आणि उठल्या. "आणि ओरडू नका. आज मी ओरडनार. तुम्ही पाटी लावली, टाळ्या घेतल्या, घरी आले आणि म्हणाले पाणी काढ, अंघोळ करतो. कुठून काढू? पहिला उन्हाळा मी मारुतीच्या देवळाच्या बोअरवरून हंडे आणले. कमरेवर आणि डोक्यावर. तुम्ही कॉलेजात गेल्ते ना, तुम्हाला दिसलंच न्हाई. तुम्हाला वाटलं हौद गुरुत्वाकर्षणानं भरला! तुमच्या तत्त्वाला रोज दोन बादल्या लागतात अंघोळीला, ठाऊक आहे का? तीन वर्षं झाली, हिचा आवाज झाकायला मी कूट करून राह्यले. हाताचा वास जात न्हाई. आणि मला शेंगदाणे आवडत बी न्हाईत!"

पाहुण्यांसमोर झाकण उचलतानाचे सगळे प्रसंग मार्तंडरावांना एका रांगेत आठवले, आणि प्रत्येक प्रसंगात चहा बघायला आत जाणारी पाठ. हंडे त्यांनी खरंच पाहिले नव्हते. अंगण ओलं दिसायचं, एवढं मात्र आठवत होतं.

बाहेर गल्ली पुन्हा घुरघुरायला लागली होती. मेन वर गेले, कूलर फिरले, मोटरी लागल्या. ओट्याखालच्या मोटरीचा आवाज बदलला, पाणी ओढायला तिला जड जाऊ लागलं. मार्तंडरावांनी काखेतल्या डब्याकडे पाहिलं. पडद्यावर सगळे दात परत आले होते, आणि त्यात आपला, सगळ्यात उंच, निलाजरा, अख्ख्या कॉलनीला दिसेल असा. त्यांना सगळ्यांचा राग आला. काकासाहेबांचा, सरोजिनीचा, तुळजाबाईच्या फोनचा, न्यूटनचा. आणि सगळ्यात जास्त, फाटकावरच्या त्या 'कुणीही'चा.

हौद काठोकाठ भरेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी सरोजिनीबाईंच्या हातानं मोटर बंद करवली, प्लग काढला, डबा ओट्यावर ठेवला आणि दिवाणखान्यातून सोल्डरिंग आयर्न आणलं. काकासाहेबांनी दिलेला कपॅसिटरही आणला. मग धोतराचा सोगा खोचून ते ओट्याखाली शिरले.

"काय करून राह्यले?" सरोजिनीबाईंनी घाबरून विचारलं. "तोडू नका हो तिला."

"तोडत नाही," आतून घुश्शात आवाज आला. "गोंगाट जिथं जन्मतो तिथंच धरायचा असतो. बॅटरी घे. इकडं उजेड दाखव."

त्यांनी बॅटरी धरली. नुसता चर्रर्र आवाज आणि राळेचा धूर.

"मंग आता पाणी आल्यावर मिक्सर लावायची गरज न्हाई?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"नाही."

त्यांनी सुस्कारा टाकला तसा उजेडही हलला.

"हलवू नकोस! नीट धर," मार्तंडराव ओट्याखालून खेकसले. मग थोडं थांबून, प्रथमच कुजबुजत म्हणाले, "आणि हे बघ, कुणालाही कळता कामा नये."